अपडेटनंतर वेबसाइट का कोसळते?
ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांनी ओळखून ठेवावा असा एक दोष

दुकानाचे शटर बिघडले तर ते डोळ्यांना दिसते. रूळ वाकला असेल, स्प्रिंग तुटली असेल, जे काही असेल ते कारागीर येऊन बोट ठेवून दाखवतो आणि आपल्याला पटते. वेबसाइटचे तसे नसते. रात्री उत्तम चाललेली वेबसाइट सकाळी उघडत नाही, कोरे पांढरे पान दिसते आणि तंत्रज्ञाला विचारले की उत्तर मिळते, "सर्व्हर क्रॅश होतोय." क्रॅश का होतोय, किती वेळ होणार आणि दोष कुणाचा, हे विचारण्याइतकी माहिती आपल्याजवळ नसते. मग आपण हात जोडून बसतो.

अत्तरे, कापड, ओढण्या, चपला, तांब्या-पितळेची भांडी असा माल आता अनेक व्यापारी आणि कारागीर स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात. अशा वेबसाइटी एका विशिष्ट दोषामुळे कोसळतात आणि तो दोष बहुधा सॉफ्टवेअर नवे केल्यानंतरच उपटतो. त्याचे मूळ 'कॅशिंग एक्स्टेन्शन' नावाच्या एका जोडभागात असते. नाव अवघड असले तरी गोष्ट अवघड नाही. ती समजून घेतली तर ऐन हंगामातले नुकसान पुष्कळ कमी करता येते, हे आम्ही अनुभवावरून सांगतो.

घरचाच अनुभव

२०२३ सालच्या रमजानमधील ही गोष्ट. त्या वर्षी आपल्याकडे ईद २२ एप्रिलला होती. आमच्या धाकट्या भावाचे भिवंडीत ड्रेस मटेरियल आणि ओढण्यांचे दुकान आहे. वर्षभरात वेबसाइटवर जेवढा माल जातो, त्यातला मोठा हिस्सा ईदच्या आधीच्या पंधरवड्यात जातो. ईदला दहा दिवस उरले असताना सहरीच्या वेळी त्याचा फोन आला, "भाई, दुकान बंद पडलंय. तुम्ही जरा उघडून बघा."

आम्ही मोबाइलवर पाहिले. पहिले पान कधी उघडत होते, कधी नाही. माल निवडून पैसे भरण्याच्या पानावर गेले की हमखास कोरे पान येत होते.

त्याचे असे झाले होते. ही वेबसाइट पीएचपी नावाच्या संगणकीय भाषेवर चालते. जगातील असंख्य लहान-मोठी ऑनलाइन दुकाने याच भाषेवर चालतात, कारण वर्डप्रेस हे लोकप्रिय सॉफ्टवेअर तिच्यातच लिहिलेले आहे. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. मुदत संपल्यावर त्या आवृत्तीतील सुरक्षेची भोके कुणी बुजवत नाही. म्हणून ज्या कंपनीकडे सर्व्हर भाड्याने घेतला होता, तिने नवी आवृत्ती चढवण्याचे ठरवले आणि तशी ई-मेलही पाठवली होती. ती भावाने वाचली नाही. आवृत्ती रात्रीतून बदलली. त्यातच आमच्या तंत्रज्ञाने वेग वाढावा म्हणून नव्या आवृत्तीतील 'जेआयटी' नावाची एक सोय चालू करून ठेवली. हेतू चांगला होता, पण वेळ आणि परिणाम दोन्ही वाईट निघाले.

सकाळी तंत्रज्ञाने आधी दुकानाची थीम बदलून पाहिली, मग प्लगिने एकेक करून काढली. फरक पडला नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की अर्धा तास ठीक चाले आणि मग पुन्हा तेच. शेवटी दुपारी त्याने सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे एरर लॉगमध्ये पाहिले. तेथे ओळींमागून ओळी एकच शब्द होते : 'सेगमेंटेशन फॉल्ट, सिग्नल ११'. ते वाचल्यावर त्याने जेआयटी बंद केली, सर्व्हर पूर्ण थांबवून पुन्हा चालू केला आणि दुकान उघडले. तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. ज्या दोषावर पाच मिनिटांचा उपाय होता, त्याने पहाटेपासून नऊ तास खाल्ले, कारण पहिल्यांदा कुठे पाहायचे हे कुणाला ठाऊक नव्हते.

ही कॅश म्हणजे रोकड नव्हे

व्यापाऱ्याला कॅश म्हटले की गल्ला आठवतो. संगणकातली कॅश वेगळी. पुन्हा पुन्हा लागणारी वस्तू हाताशी तयार करून ठेवणे, एवढाच तिचा अर्थ.

एका शिंप्याचे उदाहरण घ्या. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने कागद पसरतो, मापे मांडतो, रेषा आखतो आणि मग कापड कापतो. त्याच मापाचे शंभर कुर्ते शिवायचे असतील तर शहाणा शिंपी एकदाच कागदाचा फर्मा कापून भिंतीला टांगतो. पुढचे नव्व्याण्णव कुर्ते त्या फर्म्यावरून कापले जातात आणि वेळ वाचतो.

पीएचपीचे काम असेच चालते. वेबसाइटचे पान माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असते. गिऱ्हाइकाने ते मागितले की पीएचपी आधी ते वाचते, मग त्याचे यंत्राला उमगतील अशा बारीक हुकमांत रूपांतर करते आणि मग ते हुकूम चालवते. दर वेळी हे रूपांतर नव्याने करण्यात वेळ जातो. म्हणून कॅशिंग एक्स्टेन्शन हे तयार हुकूम सर्व्हरच्या स्मृतीत टांगून ठेवते. हा फर्मा सर्व कामगार प्रक्रियांना सामाईक असतो, म्हणजे एकाने कापला की सगळे वापरतात. गर्दीच्या वेळी सर्व्हर तग धरतो तो मुख्यतः याच सोयीमुळे.

मग अपडेटनंतरच का बिघडते?

आता समजा, दुकानात इंचाची टेप जाऊन सेंटिमीटरची टेप आली. भिंतीवरच्या फर्म्याशेजारी 'छाती ४०, लांबी ४२' असे लिहिलेले आहे. ते लिहिणाऱ्याने इंच धरले होते. नवा कारागीर ते सेंटिमीटर समजून कापतो. आकडा बरोबर, कारागीर प्रामाणिक, तरी कापड वाया जाते.

सर्व्हरमध्ये नेमके हेच घडते. पीएचपीची नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्या पोटातली मांडणी बदलते. कोणती माहिती स्मृतीत कितव्या घरात ठेवायची, याचे नियम बदलतात. कॅशिंग एक्स्टेन्शन हे या पोटातल्या मांडणीला अगदी चिकटून काम करते, म्हणून बदलाचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. ते जुन्या नियमाने स्मृतीच्या चुकीच्या घरात हात घालते. ते घर त्याचे नसते. सर्व्हरची मूळ कार्यप्रणाली पहारेकऱ्यासारखी जागी असते. परक्या घरात हात गेलेला दिसताच ती त्या कामगार प्रक्रियेला तिथल्या तिथे संपवते. 'सेगमेंटेशन फॉल्ट, सिग्नल ११' ही त्या कारवाईची नोंद होय.

यावरून आमच्या भावाच्या दुकानातली दोन कोडी सुटतात. पान कधी उघडते, कधी नाही, असे का? तर एक कामगार मेला की सर्व्हर लगेच दुसरा उभा करतो. तो थोडे काम करतो आणि बिघडलेल्या जागेशी पोहोचला की तोही मरतो. आणि बंद करून चालू केल्यावर अर्धा तास ठीक का चालते? तर बंद करताना सामाईक स्मृती पुसली जाते. गिऱ्हाइके येऊ लागली की ती पुन्हा भरते आणि बिघाड परततो. "रिस्टार्ट केला, झाले ठीक," असे तंत्रज्ञ म्हणाला तर लगेच समाधान मानू नये. दुखणे दबले आहे, गेलेले नाही.

अशी चूक होऊ नये म्हणून पीएचपीत एक तपासणी आहे. प्रत्येक आवृत्तीला तारखेसारखा दिसणारा एक अंतर्गत क्रमांक असतो. ५.३ चा क्रमांक २००९०६२६, तर ५.४ चा २०१००५२५. एक्स्टेन्शन ज्या क्रमांकासाठी बांधले गेले त्याहून वेगळ्या आवृत्तीत घातले, तर पीएचपी ते आत घेतच नाही आणि नोंदवहीत तसे लिहिते. पण क्रमांक जुळणे म्हणजे बाटलीला बूच बसणे. आतले अत्तर खरे आहे की नाही, हे बुचावरून कळत नाही. क्रमांक जुळूनही आतल्या चुकीमुळे सर्व्हर कोसळल्याची उदाहरणे आहेत आणि त्यातले एक फार मोठे आहे.

२०१२ चा धडा

त्या काळी पीएचपीसाठी 'एपीसी' नावाचे कॅशिंग एक्स्टेन्शन सर्वाधिक चालत असे. मार्च २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आली. तिच्या आतली मांडणी बरीच बदललेली होती. सर्व्हर चालवणाऱ्यांनी नवी आवृत्ती चढवली आणि वर जुन्या सवयीने एपीसी बसवले. ठिकठिकाणी सर्व्हर कोसळू लागले. एपीसीची 'स्थिर' म्हणून दिलेली ३.१.९ ही आवृत्ती मे २०११ ची, म्हणजे ५.४ च्या आधीची होती. ५.४ साठी दुरुस्त्या केलेली ३.१.१३ ही आवृत्ती सप्टेंबर २०१२ मध्ये आली, पण तिच्यावरही 'बीटा', म्हणजे अजून परीक्षेत असलेली, असाच शिक्का होता. ज्यांनी शिक्का वाचला ते थांबले. ज्यांनी वाचला नाही त्यांनी चालत्या दुकानावर प्रयोग केला.

यावर उपाय पुढच्या वर्षी निघाला. झेंड या कंपनीने आपले 'ऑप्टिमायझर प्लस' हे एक्स्टेन्शन २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि जून २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ सोबत ते 'ओपीकॅश' या नावाने दिले जाऊ लागले. यंत्र आणि जोडभाग एकाच कारखान्यातून येऊ लागल्याने मापांचा घोळ पुष्कळ कमी झाला. एपीसीचे दुसरे काम होते कार्यक्रमातील माहिती साठवण्याचे. ते 'एपीसीयू' या निराळ्या एक्स्टेन्शनकडे गेले. नोव्हेंबर २०२५ मधील पीएचपी ८.५ पासून तर ओपीकॅश वेगळा जोडभाग राहिलेलाच नाही, तो यंत्रातच बसवलेला येतो. बंद-चालू करण्याची कळ मात्र तशीच आहे.

म्हणून दोष संपला असे नव्हे. त्या बदलाच्या काळात काहींनी नवे ओपीकॅश आणि जुने एपीसी किंवा एक्सकॅश दोन्ही एकदम चालू ठेवले. एकाच भिंतीवर दोन शिंप्यांनी आपापले फर्मे टांगण्यासारखा हा प्रकार. त्यानेही सर्व्हर कोसळतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० मधील जेआयटी हा ओपीकॅशचाच भाग आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिच्यामुळे सेगमेंटेशन फॉल्ट झाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्या पुढे दुरुस्त होत गेल्या. आमच्या भावाला फटका बसला तो याच जागी.

दोष कसा शोधावा?

खालील क्रम तंत्रज्ञाला दाखवावा. स्वतःला थोडे येत असेल तर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून यातल्या काही गोष्टी स्वतःही करता येतात.

१) शेवटचा बदल कोणता झाला ते आधी लिहून काढा. पीएचपी बदलली, वर्डप्रेस बदलले, की एखादे प्लगिन? तारीख आणि वेळ लिहा. कंपनीच्या जुन्या ई-मेल चाळा.

२) थीम किंवा प्लगिनला हात लावण्याआधी एरर लॉग पाहा. 'फेटल एरर' असे लिहून पुढे एखाद्या फाइलचे नाव असेल तर दोष त्या फाइलचा, म्हणजे बहुधा थीमचा किंवा प्लगिनचा. 'सेगमेंटेशन फॉल्ट' किंवा 'सिग्नल ११' असेल तर दोष यंत्राच्या पोटात आहे आणि पहिला संशय कॅशिंग एक्स्टेन्शनवर घ्यावा. 'मोड्यूल सुरू करता आले नाही' अशा अर्थाची ओळ असेल तर एक्स्टेन्शन दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेले आहे.

३) एका वेळी एकच गोष्ट बंद करा. आधी जेआयटी, मग ओपीकॅश, मग एपीसीयू. प्रत्येक वेळी सर्व्हर पूर्ण थांबवून चालू करा आणि पाहा. सगळे एकदम बंद केले तर दुकान उघडेल, पण दोषी कोण ते कळणार नाही.

४) ओपीकॅश बंद ठेवून वेबसाइट चालत असेल तर तूर्त तशीच चालू द्या. ती हळू चालेल, पण चालेल. हळू चालणारे दुकान बंद दुकानापेक्षा केव्हाही चांगले.

५) जुन्या जोडभागांचे अवशेष शोधा. वर्डप्रेसमध्ये कॅशिंगचे प्लगिन काढून टाकले तरी 'ऑब्जेक्ट-कॅश' आणि 'अॅडव्हान्स्ड-कॅश' या नावांच्या दोन फाइली डब्ल्यूपी-कंटेंट या फोल्डरमध्ये कधी कधी मागे राहतात. प्लगिन नाही, पण त्याची फाइल काम करते आहे, अशी स्थिती होते. त्यांची नावे बदलून पाहावीत.

६) वेबसाइट कोसळत नाही पण नवा बदल दिसत नाही, किंवा अर्धे नवे, अर्धे जुने चालते, असे असेल तर ओपीकॅश जुना फर्माच वापरते आहे. ती रिकामी करावी. कमांड लाइनवरून रिकामी केलेली कॅश वेबसाइटच्या सर्व्हरची नसते. तिची स्मृती वेगळी असते. ही चूक जाणकारही करतात.

७) दोषी सापडल्यावर त्याची नव्या पीएचपीसाठी बांधलेली स्थिर आवृत्ती बसवा. ती मिळत नसेल तर तो जोडभाग सोडून द्या.

काही मित्र म्हणतात, "जुनी पीएचपीच परत लावा, कटकट नको." कंट्रोल पॅनेलमधून तसे करता येते आणि ऐन गर्दीत दोन दिवसांसाठी तो उपाय योग्यही आहे. पण मुदत संपलेल्या आवृत्तीवर कायम बसणे म्हणजे तुटक्या कुलपावर दुकान सोडून घरी जाणे. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आपल्याकडे असतात, त्यांचीही जबाबदारी आपलीच आहे.

गिऱ्हाइकाचे पैसे

बंद दुकानाचे नुकसान आपण सोसतो. त्याहून नाजूक गोष्ट वेगळीच होती आणि ती आमच्या भावाला दुपारी दोन वाजता कळली. सात गिऱ्हाइकांचे पैसे यूपीआयने जमा झाले होते, पण वेबसाइटवर त्यांची ऑर्डरच नव्हती. पैसे भरून झाले आणि ऑर्डर लिहिली जाण्याच्या क्षणी सर्व्हर कोसळला, असे सात वेळा घडले होते. गिऱ्हाइकाच्या नजरेत याचा अर्थ एकच : पैसे घेतले, माल दिला नाही.

भावाने इतर कामे बाजूला ठेवली. पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीच्या खात्यातून त्या नऊ तासांची यादी काढली आणि आपल्या ऑर्डरींशी एकेक रक्कम ताडून पाहिली. जे सात उरले त्यांना स्वतः फोन केले. पाच जणांनी काय मागवले होते ते सांगितले आणि त्यांचा माल त्याच संध्याकाळी निघाला. दोघांनी पैसे परत मागितले, ते त्याने परत केले. त्या दोघांपैकी एक बाई पुढच्या महिन्यात पुन्हा गिऱ्हाईक म्हणून आल्या. म्हणून आमचे सांगणे असे की वेबसाइट सुरू झाली की आनंदात बसू नये. बंद असलेल्या वेळेतला हिशोब त्याच दिवशी जुळवावा. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी आपला गेला पाहिजे.

पुढची काळजी

भावाने तेव्हापासून काही नियम केले आहेत, ते आमच्या व्यापारी बांधवांनीही करावेत असे वाटते.

ईद, दिवाळी, लग्नसराई अशा हंगामाच्या आधी महिनाभर कोणताही मोठा अपडेट करायचा नाही. जो करायचा तो हंगाम संपल्यावर, मंदीच्या दिवसांत आणि तंत्रज्ञ जागा असताना करायचा. कंपनी स्वतःहून आवृत्ती बदलणार असेल तर तिची ई-मेल वाचून तारीख आधीच ठरवून घ्यायची.

अपडेटपूर्वी संपूर्ण वेबसाइटची प्रत काढायची आणि ती त्याच सर्व्हरवर ठेवायची नाही. शक्य असेल तर वेबसाइटची एक दुसरी प्रत उभी करून तिच्यावर अपडेट आधी करून पाहायचा. माल निवडण्यापासून पैसे भरण्यापर्यंत सगळे स्वतः चालवून बघायचे. पहिले पान उघडले म्हणजे झाले, असे समजायचे नाही.

कोणकोणती एक्स्टेन्शने चालू आहेत आणि त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, याची एक पानाची यादी कागदावर लिहून दुकानाच्या वहीत ठेवायची. तिच्यातच डोमेन आणि होस्टिंग कुणाच्या नावावर आहे तेही लिहायचे. या किल्ल्या मालकाकडेच असाव्यात. तंत्रज्ञ कितीही विश्वासू असला तरी तो आजारी पडू शकतो किंवा गाव सोडू शकतो.

राहता राहिला प्रश्न दोष कुणाचा. कंपनीने कळवले होते, भावाने वाचले नाही. तंत्रज्ञाने न तपासता सोय चालू केली आणि नोंदवही सर्वांत शेवटी उघडली. थोडा थोडा दोष सगळ्यांचाच होता. भावाने तंत्रज्ञाला काढले नाही. त्याच्यासोबत बसून वरची यादी तयार केली. २०२४ च्या ईदनंतर पुढचा अपडेट त्याच तंत्रज्ञाने केला, आधी प्रतीवर आणि मग दुकानावर. जेआयटी बंद होती, ओपीकॅश चालू होती, आणि दुकान एक मिनिटही बंद पडले नाही.